कलमबाईंची ज्येष्ठता

शाळा मोठ्या सरांच्या खोलीतून चालते, असं पाहुण्यांना सांगतात. खरं तर ती चालायची जिन्याखालच्या एका डुगडुगत्या टेबलावरून, सकाळी पावणेसात वाजता. तिथे पर्यवेक्षिका बाई बदली तासांची वही उघडून बसायच्या. आज कोण शिक्षक आले नाहीत, त्यांच्या वर्गावर कोणाला पाठवायचं, ते वहीत लिहायचं आणि ज्याचा मोकळा तास गेला त्याचं तोंड बघायचं. अकरा वर्षं बाईंनी ही तोंडं बघितली होती.

कोणी कुरकुर केली की बाई नियमाच्या पुस्तकातला कलमाचा नंबर फेकायच्या. म्हणून पाठीमागे त्यांचं नाव कलमबाई. पुस्तक त्यांना पाठ होतं, शेवटची परिशिष्टं सोडून. परिशिष्टं कोण वाचतं?

मोठे सर निवृत्त व्हायला दीड महिना राहिला होता. त्यांच्यानंतर खुर्ची बाईंची, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. बाईंना तर मुळीच नव्हती. त्यांनी पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता. खुर्ची त्यांना हवी होती, अगदी मनापासून. गळकी प्रयोगशाळा, वर्षानुवर्षं कुलपात पडलेलं वाचनालय, सगळं त्या बसल्याबसल्या सरळ करणार होत्या. शिवाय थोडं मिरवायचंही होतं.

संस्थेने त्यांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. विषय, शैक्षणिक व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे. शिकवायला आलेला तरुण तज्ज्ञ जन्मात कधी आठवीच्या वर्गासमोर उभा राहिला नसावा, इतका प्रसन्न होता. नवव्या तत्त्वाला तो म्हणाला, "योग्य कामाला योग्य माणूस."

बाईंनी हात वर केला. "आणि योग्य माणूस तास सुरू झाल्यावर पंधरा मिनिटं हातच धूत बसला तर?"

"कार्यसंस्कृती बदलावी लागेल, मॅडम."

बाईंनी वहीत लिहिलं, 'नळ बंद करावा.'

घरी करायला काम मिळालं होतं. आपल्या शाळेची ज्येष्ठता यादी नियमानुसार तयार करून आणा. बाईंनी पुस्तक काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा परिशिष्ट अ वाचलं. एकाच दिवशी रुजू झालेल्या दोघांपैकी वयाने मोठा तो ज्येष्ठ.

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. तेवीस वर्षांपूर्वी त्या आणि भूगोलाचे सर एकाच सकाळी रुजू झाले होते. सर चहा पीत रेंगाळले, म्हणून हजेरीपटावर बाईंची सही वर आणि सरांची खाली. तेवढ्यावर शाळेने बाईंना ज्येष्ठ मानलं होतं. सर त्यांच्याहून आठ महिन्यांनी मोठे होते. म्हणजे खुर्ची त्यांची. वर्गात नकाशा टांगून "शोधा" म्हणायचं आणि तास संपेपर्यंत खिडकीशी उभं राहायचं, एवढंच ज्यांचं अध्यापन, त्या माणसाची!

नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, तेवीस वर्षांत कोणी बघितलं नाही. आता कोण बघतंय?"

"मी बघितलं ना."

"मग मिट डोळे."

दोन दिवस बाईंनी डोळे मिटून पाहिले. जमेना. ज्या नियमांनी इतकी वर्षं लोकांना झोडपलं तेच आता पाठीत बसले होते, आणि बाईंना त्यांचा भयंकर राग आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी परिशिष्टं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढली, पुस्तक काखेत मारलं आणि शिक्षकखोली गाठली.

भूगोलाचे सर एकटेच पाय पसरून बसले होते. बाईंनी परिशिष्ट अ पुढे धरलं. सरांनी पुस्तकाला हातही लावला नाही.

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

"मग आजवर मूग गिळून का बसलात?"

"बोललो असतो तर ती वही माझ्या गळ्यात पडली असती. तुम्हाला पुढे उभं राहायची हौस, मला मागे बसायची. कोणाचं काय बिघडलं?"

बाईंच्या ते जिव्हारी लागलं. जे आपण झिजून मिळवलं असं त्या समजत होत्या ते या माणसाने निव्वळ आळसापोटी सोडलेलं होतं. सरांनी तेवढ्यात एक कागद ओढून लिहिलंसुद्धा, 'मुख्याध्यापकपदाची मला इच्छा नाही.' खाली झोकदार सही. बाईंनी कागद घेतला, ऑफिसात नेला, आवक नोंदवून शिक्का मारून आणला आणि त्यांच्यासमोर बसल्या.

"परिशिष्ट ब वाचलंत का, सर?"

"ते कशाला?"

"बढती नाकारायची मुभा सबंध नोकरीत एकदाच. ती तुम्ही आत्ताच वापरलीत. मी वर गेले की पर्यवेक्षकाची जागा रिकामी होते. ज्येष्ठतेने ती तुमची."

सरांचा चेहरा उतरला. "द्या तो कागद इकडे."

"आवक झालाय."

"यात तुम्हाला काय मिळालं, बाई?"

"काही नाही. पण फार बरं वाटतंय."

मोठे सर निवृत्त झाल्यावर एक तारखेला मुख्याध्यापिका बाई साडेसहालाच शाळेत आल्या. सातच्या सुमारास मुद्दाम जिन्याखाली डोकावल्या. गंमत बघायलाच. पाच शिक्षक गैरहजर होते. विज्ञानाच्या बाई "माझाच तास का?" म्हणून सरांना धारेवर धरत होत्या. वहीत खाडाखोड, सरांच्या बोटांना शाई. अखेर सगळे पाय आपटत वर्गावर गेले.

सर वहीतून मान न काढता म्हणाले, "बाई, हे तुम्ही रोज करत होता? एकट्याच?"

"रोज."

"आणि आम्ही वर बसून तुम्हाला नावं ठेवत होतो."

"ऐकू यायचं."

या क्षणासाठी बाईंनी महिनाभर एक झणझणीत वाक्य तयार ठेवलं होतं. ते काही बाहेर येईना. अकरा वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, नवऱ्यानेसुद्धा नाही. त्यांना चक्क रडू आलं, आणि ते लपवायला त्या वहीवर वाकल्या. एक चौकट कोरीच होती.

"आठवी ब ला कोणी उरलं नाही," सर म्हणाले.

"मी जाते."

"मुख्याध्यापकांना बदली तास लावता येत नाही, बाई. कलम एकवीस. काल वाचलं मी."

"गप्प बसा आणि लिहा माझं नाव," बाई म्हणाल्या, आणि खडू घेऊन जिना चढू लागल्या.