हात न उचलणारे रशीदचाचा

संगीतावर लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. सूर कुठे लागला आणि कुठे चुकला, ते मला आजही कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. पण रशीदचाचांविषयी दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून हे धाडस. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

की-बोर्ड वाजवताना चाचा ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे कधी बघत नसत. त्यांची नजर पायांवर असायची. "तोंड खोटं बोलतं बेटा," ते म्हणायचे. "पाव्हण्याला हसावंच लागतं. पाय कोणाच्या बापाचं ऐकत नाय." आमच्या नांदगाव तालुक्यातल्या लग्नांत तीस वर्षं त्यांनी वराती वाजवल्या. माझ्या मोठ्या बहिणीच्या वरातीतही तेच होते. वरातीपुढच्या गाडीच्या फलकावर मात्र नाव कायम वाजंत्री पार्टीच्या मालकाचं. त्यांच्या की-बोर्डवरची अक्षरं झिजून गेली होती. चाचींच्या नेलपॉलिशचे लाल ठिपके देऊन त्यांनी बटणं ओळखीची करून ठेवली होती.

नाशिकला कॉलेजात आल्यावर मी एका रॉक बँडसाठी गाणी लिहू लागलो. या वेळी बँडला गिटार थोडी मागे ठेवून इलेक्ट्रॉनिक पॉपच्या अंगाचा, नाचता येईल असा अल्बम करायचा होता. सहा गाणी तयार होती. पण की-बोर्ड वाजवणारा मुलगा नोकरी लागून पुण्याला गेला आणि तिघेच उरले. कॉम्प्युटरवर हवे ते आवाज मिळत होते, तरी गाणी काही केल्या हलेनात. मी भीत भीत चाचांचं नाव सुचवलं.

ते पहिल्यांदा सरावाला आले तेव्हा गिटार वाजवणारा आदित्य, म्हणजे बँडचा म्होरक्या, माझ्या कानाशी पुटपुटला, "वरातवाला आणलास? आपण काय हळदीला वाजवणार आहोत का?"

चाचांनी ते ऐकलं. वायर जोडता जोडता म्हणाले, "गिटारवाले साहेब, हळदीला एकदा वाजवून तर बघा. तिथं गाणं ऐकायला कोण येतंय? लोक जेवायला येतात. भरल्या पोटाचा माणूस खुर्चीतून उठवायचा म्हणजे लय मोठं काम हाय."

ड्रम वाजवणारी श्वेता खो खो हसली. आदित्य हसला नाही.

महिनाभर चाचा दर रविवारी नांदगावहून येत राहिले. एकदा चहा पिताना त्यांनी मला हळूच विचारलं, "त्या अल्बमवर वाजवणाऱ्याची नावं असतात ना?"

"हो चाचा. आता मोबाइलवर दिसतात."

"माझं येईल का? तीस वर्षांत कुठंच आलं नाय." एवढं बोलून ते उगाचच वायर गुंडाळत बसले. मी आदित्यला विचारलं. "नावाचं नंतर बघू," तो म्हणाला.

सातपूरच्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग होतं. पहिलं गाणं संपलं. रेकॉर्डिंग करणाऱ्यानं काचेपलीकडून थांबायची खूण केली. चाचांचा उजवा हात थांबला, पण डावा एक खोल सूर धरून राहिला, आणि मानेनं त्यांनी आदित्यला पुढचं गाणं सुरू करायला सांगितलं. आदित्य गडबडला. पुढच्या गाण्यासाठी गिटारच्या तारा पुन्हा जुळवायच्या होत्या. त्या त्यानं चाचांच्या सुरावरच जुळवल्या. तेही रेकॉर्ड झालं. अशी सहाच्या सहा गाणी न थांबता झाली.

"चाचा, मध्ये थांबायचं असतं!" आदित्य ओरडला.

चाचा घाम पुसत म्हणाले, "माफ करा साहेब, सवय. वरातीत दोन गाण्यांमधी हात उचलायचा नसतो. हात उचलला की नवरदेवाचे दोस्त खाली बसतात. बसलेला परत उठत नाय."

मग सगळ्यांनी ते ऐकलं. तारा जुळवण्याचा तो टणटण आवाज सुरात विरघळून दुसरं गाणं उगवत होतं. श्वेता खुर्ची सरकवून उठली आणि नाचायला लागली. "मधल्या जागा कापू?" रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं. आदित्यनं ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाला, "नको. असंच राहू दे." मला तेव्हा आमच्या तालुक्याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी हळद होती म्हणून चाचा लगेच निघाले. ते गेल्यावर आदित्यनं नावांची यादी केली. चाचांना त्यानं अगदी खाली टाकलं, 'विशेष आभार' मध्ये, स्टुडिओत चहा पुरवणाऱ्या उपाहारगृहवाल्याच्या शेजारी. "लोक हसतील रे," तो म्हणाला, "वरातवाला बँडमध्ये आहे म्हणून."

मी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी बोललो. "मग गीतकार म्हणून माझंही नाव नको."

पुढे परीक्षा आली, मग सुट्टी. मी गावी गेलो. चाचा भेटले की काही न विचारता फक्त माझ्याकडे बघायचे, आणि मी विषय बदलायचो. दोन महिने बँडकडून एक ओळही आली नाही.

काल दुपारी आदित्यचा मेसेज आला: "अल्बम आला. बँडच्या नावांत चाचा पहिले आहेत, माझ्याही वर. तुझंही नाव ठेवलंय. चाचांना तूच सांग. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर मी जे बोललो होतो त्यानंतर त्यांना फोन करायचं माझं धाडस होत नाही."