कूलरच्या टाकीतली लिंबाची फोड

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलो — "तुम्ही स्वतः पाहिलं का?" उत्तर नेहमी कुणातरी मावसभावावर ढकललं जायचं. आज माझी पाळी आहे, आणि पुढे करायला माझ्याकडे मावसभाव नाही...

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम जिल्हा अजून झाला नव्हता. आम्ही अकोल्यात मोडायचो. मंगरूळपीरला दर्ग्याच्या वाटेवर टिनाच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको कमल राहायचो. मी एका सरकारी कचेरीत कारकून. कमलला उन्हाळ्याची कोरडी हवा सोसायची नाही, नाकातून रक्त यायचं. म्हणून एक कूलर बनवून घेतला होता — पत्र्याची पेटी, आत पंखा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, तळाशी पाण्याची टाकी.

कचेरीतही साहेबांसाठी कूलर आला होता. हार, नारळ, दोन भाषणं. आठव्या दिवशी साहेबांच्या खोलीतून डबक्याचा वास येऊ लागला, तेव्हा मात्र कुणी भाषण केलं नाही.

आमच्या कूलरला कधी वास आला नाही. कमल दर चौथ्या दिवशी सगळं पाणी काढायची, पिळलेल्या लिंबाच्या फोडीनं टाकी घासायची, कोपरे फडक्यानं कोरडे करायची, ताट्या उन्हात ठेवायची. मी हसायचो.

"घराचं तोंड हाय ते," ती म्हणायची. "चूळ नाही भरली त वास येईनच. तुमी बसा पुस्तकं वाचत."

दिवाळीनंतर काविळीनं ती आठ दिवसांत गेली.

चैत्रात मी कूलरवरची चादर काढली. आदल्या पावसाळ्याआधी तिनंच तो धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवला होता. ताट्या सुतळीनं बांधलेल्या — गाठी तिच्या. त्या सोडल्याशिवाय टाकीत हात जात नव्हता... मी सोडल्या नाहीत. ताट्यांवरून पाणी ओतत राहिलो. म्हटलं, वास सुटेल तेव्हा बघू.

वास सुटलाच नाही. महिना गेला, दीड महिना गेला. खोलीत नुसता ओल्या वाळ्याचा वास.

शेजारच्या वच्छलाबाई कमलच्या मैत्रीण. नवरा आमच्याच कचेरीत शिपाई. एका दुपारी भाकरी द्यायला आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"भाऊजी, कूलर कवा धुतला?"

"यंदा धुतलाच नाही."

त्यांनी दोनदा हुंगलं. "मंग कमल धुऊन राह्यली."

"वाळ्यातच गुण असते, वच्छलाबाई. प्रत्येक गोष्टीले शास्त्रीय कारण असते."

"साहेबाच्या कूलरात काय कडबा भरला हाय?"

मी भाकरी आत नेऊन ठेवली. जाताना त्या हळूच म्हणाल्या, "धुते त धुऊ द्या तिले. तुमी कायले हात लावता?"

त्या गेल्या आणि मी विळीनं सुतळ्या कापल्या. मला फक्त कारण हवं होतं.

टाकीत शेवाळ नव्हतं. बोट फिरवून पाहिलं, कुठे बुळबुळीतही लागलं नाही. कोपऱ्यात लिंबाची एक पिळलेली फोड होती. कमलनं विसरलेली असती, तर इतक्या महिन्यांत वाळून काळी पडली असती, नाहीतर पाण्यात कुजली असती. ही पिवळी होती, मऊ होती. दाबली तर रस बोटाला लागला... सुतळ्या कापताना विळी लागली होती तिथे झोंबला. घरात कमल गेल्यापासून लिंबू आलं नव्हतं. किल्ली एकच, माझ्या खिशात. आणि गाठी तर मी आत्ताच कापल्या होत्या.

मी घाबरलो नाही. घाबरलो असतो तर बरं झालं असतं, तसंच सगळं ठेवून दिलं असतं. मी टाकी नीट घासली आणि नवी सुतळी घेऊन ताट्या बांधल्या.

पाचव्या दिवशी खोलीत डबक्याचा वास आला.

त्या तापलेल्या खोलीत ती फोड ताजी कशी राहिली, हे मला आजही सांगता येत नाही. ओळखीच्या एका विज्ञान शिक्षकाला विचारलं होतं. तो तासभर बोलला, पण लिंबापर्यंत पोचला नाही.

आता कूलर दुसरा आहे. दर चौथ्या दिवशी मी टाकी घासतो, तिच्या पद्धतीनं. फक्त प्रत्येक उन्हाळ्यात एकदा मुद्दाम घासत नाही. पाचवा दिवस जाऊ देतो, सहावा जाऊ देतो. बाहेरून आलो की कुलूप काढून उंबऱ्यातच थांबतो, आणि हुंगतो.

वास येतो. मग लिंबू कापायला घेतो.