धाकट्याचा रकाना

धाकट्या भावाच्या थोबाडात मी पहिली लगावली ती पुरीच्या कणकेनं माखलेल्या हातानं. त्यामुळे आवाज नीट आला नाही. दुसरीच्या वेळी हात कोरडा होता, कारण कणीक त्याच्या गालावर गेली होती. तिसरीसाठी हात उचलला तेवढ्यात त्यानं माझी मान धरून मला श्रीखंडाच्या पातेल्यावर आपटलं. मी बावन्न वर्षांचा, तो सत्तेचाळीस. माझा एक गुडघा गेलेला, त्याला बीपीची गोळी. सिंगापुरात बिशानचा माझा फ्लॅट, अकरावा मजला, रविवारची दुपार.

कारण सांगतो, म्हणजे माझ्या अकलेचा अंदाज येईल.

आमची मधली बहीण अमेरिकेत, तिथली नागरिक. आई तिच्याकडे असते. आता विमानात बसणं आईच्यानं होत नाही. तिच्यापाशी राहायचं तर आम्हीच तिकडे जायला हवं. बहिणीनं फार वर्षांपूर्वी आम्हा दोघा भावांचे अर्ज एकाच दिवशी भरले होते. मग रांग. दर महिन्याला तिकडचं सरकार एक तक्ता काढतं, त्यात कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते असतं. फार लांब रांगा असलेल्या देशांना त्यात स्वतंत्र रकाने, आणि उरलेल्या सगळ्या जगाला मिळून एक. भारताला स्वतंत्र रकाना आहे, हे पाहून मला सुरुवातीला अभिमान वाटला होता.

तो रकाना गोगलगायीलाही लाज आणतो हे कळल्यावर मी एक हुशारी केली. सिंगापूरचा लाल पासपोर्ट घेतला. जुना परत करताना डोळे पुसले आणि पाया लेबार भागातल्या माझ्या ऑफिसात सांगत सुटलो की आता आपण उरलेल्या जगात आलो. तेव्हापासून माझं बोट त्याच रकान्यावर. शेवटी एका महिन्यात त्या रकान्यानं आमची तारीख ओलांडली. मी ऑफिसात केक कापला, बर्फात घालायचा जाड कोट घेतला आणि धाकट्याला त्याच्या सेम्बावांगच्या घरून श्रीखंड-पुरीला बोलावलं. एसी लावून, कोट अंगात घालूनच मी कणीक मळत होतो.

त्यानं आल्या आल्या माझ्या कोटाची बाही चाचपली. मग म्हणाला, "दादा, तो रकाना तुझा नाही. माझा आहे."

ते लोक पासपोर्ट बघत नाहीत, माणूस जन्मला कुठे ते बघतात. आमचे वडील ओमानमध्ये, मस्कतला नोकरीला होते. पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात आईला साताऱ्याला पाठवलं आणि मी तिथे झालो. पुढची दोघं मस्कतच्या दवाखान्यात झाली. लहानपणी मी धाकट्याला उंटानं वाळूत टाकलेलं पोर म्हणायचो. आता त्या पोराच्या खिशात भारताचा पासपोर्ट आणि तो उरलेल्या जगाच्या रांगेत. माझ्या खिशात सिंगापूरचा आणि मी भारताच्या.

एवढ्यावर मी मारलं नसतं. पण त्याला मुलाखतीचं पत्र पंधरा दिवसांपूर्वीच आलं होतं. माझ्या केकचे फोटो त्यानं पाहिले, कोटाचं कौतुक केलं, आणि गप्प राहिला. का, तर म्हणे तुला वाईट वाटेल म्हणून. तेव्हा पहिली लगावली.

मुद्दे आणि गुद्दे मग बरोबरीनंच चालले. शाबूत गुडघा त्याच्या पोटात घालत मी विचारलं, की शंभर माणसांच्या घराला आणि दोन माणसांच्या घराला सारखंच वाढायचं हा कुठला न्याय. माझा कान उपटूनच काढायचा असल्यासारखा पिळत त्यानं सांगितलं, की मर्यादाच नसती तर शंभरांच्या घरानं पातेलं चाटूनपुसून नेलं असतं आणि दोघांचं घर दारातच उपाशी राहिलं असतं. आणि मस्कतला तू जन्मला असतास तर हाच नियम देव्हाऱ्यात ठेवून पुजला असतास. हे खरं होतं, म्हणून मी त्याला टीपॉयवर ढकललं. काच फुटली. टीपॉयच्या कडेनं त्याचा पुढचा दात हलला. तो उठला, ओट्यावरचं लाटणं उचललं आणि माझ्या भुवईवर घातलं. कोटामुळे बरगड्या वाचल्या, पण कोटाला टोपी नव्हती. रक्त डोळ्यात, नाकावरून मिशीत, तिथून श्रीखंडात. बायको केशर घालायला विसरली होती, ती उणीव भरून निघाली.

बायकोनं आधी पातेलं उचललं आणि मग आमचा उद्धार केला. लेक दारातून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, इनफ लाह. खालच्या आंटीनं पोलिसांना फोन केलाय."

दोन पोलीस आले तेव्हा मी भिंतीला टेकून बसलो होतो, कपाळ फुटलेलं, हिवाळी कोटात. त्यांनी विचारलं, कुणी मारलं, आणि तक्रार द्यायची आहे का.

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मुलाखत तीन आठवड्यांवर होती आणि तिला जाताना इथल्या पोलिसांचा दाखला न्यायचा होता, की या माणसावर काही नोंद नाही. मी नुसतं त्याच्याकडे बोट केलं असतं तरी भागलं असतं. मला आईपाशी जाता येत नाही ना, मग यालाही नको. हा विचार माझ्या डोक्यात आला आणि चांगलं अर्धं मिनिट बसून राहिला. गोड होता, खोटं कशाला बोलू.

मग मी ओट्याखाली बोट दाखवलं. "पडलो. त्याच्यावर."

ओट्याखाली विळी होती. पाटावर उभं वाकडं पातं, टोकाला खवणीचे दात. पुढचा पोलीस दोन पावलं मागे सरकला आणि हे काय आहे, घरात कशाला ठेवलंय, असं विचारू लागला. भावाला वाचवता वाचवता मी स्वतःला हत्यार बाळगल्याबद्दल आत घालतोय, असं दिसायला लागलं. तेव्हा बायको एक अक्षर न बोलता खाली बसली, विळीच्या पाटावर पाय दाबला, नारळाची वाटी घेतली आणि काचा नि रक्ताच्या मधोमध खोबरं खवू लागली. मूठभर झाल्यावर ते तिनं पोलिसापुढे धरलं. त्यानं घेतलं नाही, पण त्याला पटलं. मग धाकट्याला विचारलं, तुझ्या दाताला काय झालं.

"यांना उचलायला गेलो," धाकटा म्हणाला.

पुन्हा आवाज आला तर बघा, असा दम देऊन ते गेले. दार लागलं तसा धाकटा माझ्यासमोर आला. मला वाटलं, आता गळ्यात पडतो.

"पहिली तू मारलीस, दादा," असं म्हणून त्यानं माझ्या कानाखाली अशी सणसणीत वाजवली की दोन दिवस त्या कानानं फोन घेता आला नाही. मी हात उचलला नाही. बायकोनं श्रीखंडाचा वरचा लाल थर काढून टाकला आणि उरलेलं आम्हाला वाढलं. तो एका बाजूच्या दातांनी खात होता, मी एका डोळ्यानं. टाके घालायला नंतर गेलो; चार पडले.

दाखला मिळाला आणि तो गेला. कोट मीच दिला, त्याच्या बाहीवरचा डाग निघाला नाही. आता आई सकाळचा चहा त्याच्या हातचा पिते. दर महिन्याला नवा तक्ता निघाला की माझ्याआधी तोच भारताचा रकाना बघतो आणि मेसेज टाकतो. "दादा, आठ दिवस पुढे." नाहीतर, "दादा, जागचा हलला नाही." मी त्याला सणसणीत शिव्या घालतो. आई त्याच्या शेजारी बसलेली असते, म्हणून टाइप करून.