वकीलमामा आणि पोळ्याची झडती

एका दोस्तापलीकडे हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. भर पोळ्यात माझ्या मामांना 'देशद्रोही' ठरवणारी झडती, म्हणजे बैलांपुढे म्हणायचं टवाळीचं पद्य, मी रचली होती. आणि आता बोलायलाच बसलोय तर हेही सांगतो, की त्या शब्दाला इतका न शोभणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात शोधून सापडायचा नाही!

मामांनी उभी हयात अमरावतीच्या कोर्टात वकिली केली. पण त्यांची खरी वकिली कोर्टाबाहेर चालायची. कुणी कुणाला गद्दार म्हटलं, की मामा तिथल्या तिथे आरोपीचं वकीलपत्र घेत. फी नाही, तारीख नाही, आणि न्यायाधीशही तेच! एकदा वरूडला संत्र्याचा बहार बघायला गेलो होतो. तिथे एक बागवाला आपल्या भागीदाराच्या नावानं बोंबलत होता, "गद्दार निघाला साला! परस्पर दुसऱ्या व्यापाऱ्याले बगीचा देल्ला!" ओळख ना पाळख, मामा मध्ये घुसलेच. "थांबा भाऊ. त्यानं शस्त्र उचललं काय? बंड केलं काय? मंग हा करारभंग आहे. दिवाणी दावा. गद्दारी नाही." बागवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "हे कोन होय बाप्पा?" मी मान खाली घातली. मान खाली घालणं मला चांगलं जमतं.

घरीही तेच. मामांनी शेजारणीच्या पाटवडीची तारीफ केली, तेव्हा मामी तडकल्या, "घरभेदी माणूस!" मामा शांतपणे म्हणाले, "शस्त्र कुठाय?" मामींनी लाटणं उचललं. "हां," मामा पानावरून उठत म्हणाले, "आता केस बनते. पन आरोपी तू!"

त्यांचं म्हणणं साधं होतं. "कायद्याच्या पुस्तकात देशद्रोह नावाचं कलमच नाही रे. राज्याविरुद्ध युद्ध पुकारनं आहे. इंग्रजानं ठेवलेला राजद्रोह होता, नव्या पुस्तकातून थे नावबी गेलं, आता देशाची एकता धोक्यात आननं आलं. पन टीका केली, टाया वाजवल्या, तोंड वाकडं केलं, यानं काही गुन्हा होत नसते. आपन तं चौकात चहा पेता पेता फाशी देऊन राहिलो लोकायले!"

तर असा हा माणूस एका क्रिकेटच्या सामन्याला अकोल्याला आमच्या जठारपेठेतल्या घरी आला. समोर पाकिस्तान, घरात पाय ठेवायला जागा नाही. त्यांच्या बॉलरनं असा काही यॉर्कर टाकला, की आपल्या पठ्ठ्याचा स्टंप पार मागे जाऊन पडला. सगळं घर सुन्न, आणि मामा उभं राहून टाळ्या वाजवताहेत! "बॉल पाहा बॉल! वा रे पोट्ट्या!" शेजारी ओरडले, "मामा, हा देशद्रोह होय!" झालं. मामांनी रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि सुनावणी सुरू केली. युक्तिवाद संपवून टीव्ही लावला, तोवर आपण सामना जिंकलो होतो आणि सगळं अकोला फटाके फोडत होतं. शेवटची ओव्हर आमच्या घरानं पाहिलीच नाही!

एवढाच माझा राग. तोंडावर बोलायची मला सवय नाही, म्हणून मी पद्य रचलं.

मूर्तिजापूरजवळच्या आमच्या आजोळी पोळ्याला बैल तोरणाखाली उभे केले, की तोरण तोडून पोळा फुटण्याआधी झडत्या म्हणतात. खणखणीत आवाजात, कुणाचीही टोपी उडवायची आणि शेवटी देवाचं नाव घ्यायचं. माझा जुना दोस्त गजा याचा आवाज तीन गावं ऐकतात. मी त्याला ओळी दिल्या आणि नाव न सांगायची शपथ घातली. त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवून सुरू केलं:

"काया कोट वकिलाचा, इस्त्री त्याची भारी,
विकेट पडली आपली अन् टाया पिटे दारी!
भाकर खाये वऱ्हाडाची, गुन गाये वैऱ्याचे,
देशद्रोही निघाले भाऊ, वकील आपल्या गावाचे!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

काय हशा उसळला! सगळ्यात मोठ्यानं मामाच हसले. मग पुढे होऊन म्हणाले, "आरोपी हजर आहे. त्याचा वकीलबी हजर आहे." बैल शेपट्या हलवताहेत, गडी ओरडताहेत, "मामा, तोरन तुटू द्या ना आता!" आणि मामांचा युक्तिवाद रंगात आलेला. तो पोळा मी जन्मात विसरणार नाही.

पण कुणीतरी झडती मोबाइलवर घेतली आणि गावाच्या ग्रुपवर टाकली. युक्तिवाद कुणी घेतला नव्हता. तिथून ती कुठे कुठे गेली. पोळ्याला नसलेल्यांनी, सामना-बिमना काही ठाऊक नसलेल्यांनी ती ऐकली. त्यांच्या हाती हसू आलंच नाही, नुसता शब्द आला.

गावच्या शाळेत सव्वीस जानेवारीला संविधानावर भाषण करायचा मान मामांचा. बोलावण्याचा फोन दरवर्षी आठवडाभर आधी यायचा. त्या वर्षी आला नाही. मी त्या सकाळी अमरावतीलाच होतो. मामा पांढरा सदरा घालून खुर्चीत बसले होते. मामी म्हणाल्या, "जाऊन या न तसेच. आपलंच गाव होय."

"बिनबोलावता कसं जाव? तिथं कोनी उठून तोच शब्द बोललं तं? पोट्ट्यायसमोर?"

मी म्हणालो, "मामा, ज्यानं ती झडती लिहिली ना..."

"त्याले दोष नको देऊ," ते लगेच म्हणाले. "गुन्ह्याले हेतू पायजे. त्या बिचाऱ्याले लोक हसवाचे होते. मी त्याचं वकीलपत्र घेतो. तुले भेटला तं सांग त्याले, भेऊ नको म्हना."

मी "हो मामा" म्हणालो आणि चहा संपवला.

आता मामा गावाला जात नाहीत. कुठे कुणी कुणाला गद्दार म्हटलं, तरी ऐकून घेतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. मामींना ते सहन होत नाही. मामा पुन्हा वकीलपत्र घेतील या आशेनं त्या मुद्दाम त्यांच्यासमोर शेजाऱ्यांना गद्दार म्हणतात.

पोळा पुढच्या महिन्यात आहे. त्या तोरणाखाली उभं राहून, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, ती झडती माझी होती हे सांगणं मी मामांना देणं लागतो.