काकूंच्या खिडकीसमोरचा निळा

छटाकाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नसे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं रंगवली, आणि रंगाचा डबा उघडला की मान तिरकी करून ते म्हणायचे, "ह्यात एक छटा कमी आहे." मग पिशवीतल्या बाटलीतून चार थेंब टाकायचे, काठीनं ढवळायचे, आणि रंग असा काही जमून यायचा की घरमालक आपल्याच भिंतीकडे पाहुण्यासारखा बघत बसे. रंगांचे नमुने छापलेल्या शेड कार्डाला त्यांनी कधी हात लावला नाही. कार्ड नवशिक्यांसाठी असतं असं त्यांचं मत होतं, आणि ते मत ते कुणी न विचारता सगळ्यांना सांगत.

आता अशा माणसाच्या परसात काय असावं? पत्र्याची एक शेड, गंजून लाल झालेली, एका अंगाला कललेली, दाराला बिजागरीऐवजी तार. आत शिड्या, डबे, दगडासारखे कडक झालेले ब्रश, आणि एक डबा ओढला की अंगावर येणारे बाकीचे चार. ही शेड बरोबर काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होती.

"जगाची घरं सजवलीत," काकू एक दिवस भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "आणि मी तीस वर्षं गंज बघत पोळ्या लाटतेय."

काकांना हे लागलं. त्यांनी मोठी कामं घेणं नुकतंच सोडलं होतं आणि सबब सांगायला काही उरलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ते शेडीत शिरले.

महिनाभर नुसती ठाकठोक. सांगाडा सरळ केला, कुजलेले पत्रे बदलले. लाकडी दार बसवलं, त्याला खऱ्या बिजागऱ्या लावल्या. आत भिंतभर फळ्या मारल्या, रोजचे डबे छातीच्या उंचीवर, जडशीळ डबे खाली. ब्रश खिळ्यांना टांगले. शिडी बाहेरच्या भिंतीवर वळचणीखाली आडवी अडकवली, म्हणजे आत पाय ठेवायला जागा झाली. कुठल्याशा घरातून निघालेली काचेची खिडकी त्यांनी जपून ठेवली होती, ती बसवली. खिडकीखाली काकूंना शेंगा सोलायला एक बाक केलं. बाकाची फळी उचलली की आत चिंध्या आणि पॉलिश पेपर. काकूंनी बाकावर बसून पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन बोटं उंच झालंय." काकांनी बाकाचे पाय कापले. ह्या बाईनं आयुष्यात त्यांचं एकही काम पहिल्या झटक्यात पसंत केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काकांचा हात तयार झाला तो तिच्याच नाकं मुरडण्यानं.

रंगाची वेळ आली तेव्हा घोटाळा झाला. पत्र्याला गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारून झालं, वर पांढरा हात द्यायचा होता. काकांनी डबा उघडला तर पांढरा पिवळट. तणतणत दुकानात गेले, डबा बदलून आणला. तोही पिवळट. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानदारानं हात जोडले.

"काका, माझ्यावर विश्वास नाही ना? घरी जाऊन ह्याच्या शेजारी पेलाभर दूध ठेवा. फरक दिसला तर दुकानच तुमच्या नावावर करतो."

काकांनी घरी येऊन खरंच पेला ठेवला. दूधही पिवळट होतं.

 त्यांनी दूध पिऊन टाकलं, पेला विसळला आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्यांचे वडीलही रंगारीच होते. म्हातारपणी त्यांचे डोळे गेले, आणि शेवटची सहा वर्षं ते दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "ऊन पडलंय का रे?" काकांना वाटलं, आली आपलीही पाळी. डॉक्टरकडे जावं तर तो तेच तोंडावर सांगणार. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असा शहाणा विचार करून त्यांनी ठरवलं की डोळे आहेत तोवर काकूंची शेड रंगवून घ्यायची.

"कुठला रंग हवा?" त्यांनी विचारलं.

"माझा तो निळा स्वेटर होता ना, तुम्ही पहिल्या कमाईतून आणलेला? तसा."

स्वेटर केव्हाच कसरीनं खाल्ला होता. पण तो मवाळ, धुऊन धुऊन विटलेला निळा काकांच्या पक्कं लक्षात होता. दुकानदारानं भीत भीत शेड कार्ड पुढे केलं, ते त्यांनी परत ढकललं. घरी पांढऱ्यात निळा टाकला, ढवळला. फिका वाटला. अजून टाकला. मळकट वाटला. अजून टाकला. बाटली संपत आली तेव्हा कुठे तो स्वेटर डब्यात दिसायला लागला. दोन दिवसांत शेड रंगवून झाली आणि त्यांनी काकूंना हाक मारली.

काकू खिडकीत आल्या. शेडीकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "छान झालंय. अगदी छान."

काकांनी ब्रश खाली ठेवला. पन्नास दोष काढणारी बाई पहिल्याच झटक्यात छान म्हणते? तेवढ्यात शेजारचे निवृत्त पोस्टमन कुंपणावरून ओरडले, "आता पत्ता सांगायला नको हो! कोपऱ्यावरूनच दिसतं तुमचं घर!"

"अगं, खरं सांग," काका हळूच म्हणाले. "कसा आहे?"

काकू बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसल्या. "किती दिवस झाले हो, दिसत नाहीये तुम्हाला?"

"दिसतंय गं. रंग गेलेत." आणि मग त्यांनी पिवळट दुधापासून वडिलांपर्यंत सगळं सांगून टाकलं. काकू आधी रागावल्या, मग रडल्या, मग चपला घालून म्हणाल्या, "उठा."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एक एक डोळा तपासला. काका खुर्चीचा दांडा धरून बसले होते.

"मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. मागचा पडदा मात्र उत्तम आहे. आधी उजवा करू, मग डावा. एवढं का लांबवलंत?"

"रंग दिसतील?"

"रंग ना? निळा तर इतका दिसेल की वैतागाल."

काकांचा जीव भांड्यात पडला. बाहेरच्या बाकड्यावर बसून त्यांनी काकूंसमोर एकदा रडून घेतलं आणि रुमाल मागितला. काकूंनी दिला, वर "वेळेवर बोलायला काय झालं होतं?" हेही दिलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तसे काका घरात न शिरता थेट परसात गेले आणि जागच्या जागी थिजले.

"कुणी केलं हे?"

"तुम्हीच," काकू म्हणाल्या. "पंधरा दिवस मी खिडकीकडे पाठ करून भाजी चिरतेय."

निळा कसला, नुसता भडक रंगाचा कालवा होता. काकांनी उजवा डोळा झाकला. डाव्यानं पाहिलं तर समोर तोच मवाळ, विटका स्वेटर. डावा झाकला तर पुन्हा तो कालवा. असं दहादा केलं. हात चुकला नव्हता, आठवण चुकली नव्हती, चुकली होती ती डोळ्यातली काच. ते इतके हसले की काकूंना डॉक्टरांच्या सूचना मोठ्यानं वाचून दाखवाव्या लागल्या.

डावा डोळाही झाला आणि डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली त्या दिवशी काकांनी नवा डबा उघडला. पांढरा पांढराच होता. थोडासा निळा टाकला, ढवळला, झाकण लावलं, पुन्हा उघडून अर्धा थेंब आणखी टाकला. संध्याकाळच्या आत शेड रंगवून झाली. मग ते खिडकीखाली येऊन उभे राहिले.

काकू खिडकीत आल्या. हात पदराला पुसले. डोळे बारीक केले.

"स्वेटरचाच आहे," त्या म्हणाल्या. "पण दाराच्या वरच्या कोपऱ्यात हात नीट फिरलेला नाही. पट्टा दिसतोय."

"दिसतोय खरा!" काका आनंदानं ओरडले, आणि ब्रश आणायला धावले.