भिंत ओली होती

आमच्या काष्टी गावात गेली नऊ वर्षं एका पेंटरला नावं ठेवली जातात. ती सगळी माझ्या घराच्या दर्शनी भिंतीपासून सुरू झाली. भिंतीचं तोंड बाजाराच्या रस्त्याकडे आहे, त्यामुळे बदनामीला फार लांब चालावं लागलं नाही.

थोरल्या मुलाचं लग्न ठरलं होतं. मी नुकताच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो होतो. हुकूम सोडायची सवय शाबूत होती, ऐकणारे मात्र उरले नव्हते. अशा वेळी हा पेंटर हाती लागला. माणूस पंचक्रोशीत नावाजलेला. काम संपलं की भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात लाल रंगात स्वतःचं नाव आणि मोबाईल नंबर लिहायचा. लोक ते नाव वाचून त्याला बोलवायचे.

आम्ही रंगांचं कार्ड घेऊन बसलो होतो. पिस्ता की मोतिया, यावर आमच्या घरात निवडणुकीसारखे दोन गट पडले होते. त्याने कार्डाकडे बघितलंही नाही. भिंतीवर तळहात टेकवला, बोटाने टकटक केलं आणि वर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं.

"गुरुजी, भिंत वली हाय. टाकी झिरपतीय. आधी टाकी नीट करा, मग पंधरा दिस भिंत वाळू द्या. रंग त्येच्यानंतर."

"लग्न आठ दिवसांवर आलंय."

"मग ह्या बारीला चुना मारून घ्या. चुना वल सोसतो. ह्यो रंग फुगंल."

चुना! व्याही नगरचे, त्यांचा बंगला दुमजली. मुख्याध्यापकाच्या घराला गोठ्यासारखा चुना मारायचा?

"अरे, छत्तीस वर्षं मी शिकवलंय. आता तू मला शिकवणार?"

त्याने तळहात पँटला पुसला. मग म्हणाला, "घर तुमचं, मर्जी तुमची. पन खाली नाव टाकनार न्हाई मी."

हे मला झोंबलं. त्याचं नाव नसेल तर लोक म्हणतील, गुरुजींनी कुणीतरी उपटसुंभ आणला. तो माझ्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. गुरुजींना 'नाही' म्हणायची त्याच्या हाताला सवय नव्हती. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून शेवटच्या दिवशी मी त्याच्या डोक्यावर उभा राहिलो आणि नाव लिहून घेतलं. शुद्धलेखनही तपासलं.

लग्न दणक्यात झालं. तिसऱ्या दिवशी भिंतीपुढच्या मांडवात सत्यनारायण होता. तोवर पिस्त्याला पापडाएवढे फुगे आले होते. व्याह्यांनी त्यातल्या एकाला सहज बोट लावलं आणि हातभर पापुद्रा त्यांच्या मांडीवर उतरला. त्यांनी तो उचलून उजेडाकडे धरला, जणू मुलीच्या सासरची पत्रिकाच बघतायत.

"कुणी केलंय हो हे काम?"

उत्तर भिंतीवरच होतं. मी तिकडे बोट केलं आणि म्हणालो, "काय सांगू, हल्ली विश्वास ठेवण्यासारखी माणसंच राहिली नाहीत."

कथेला बसलेल्या शंभर लोकांनी ते ऐकलं. पुढे दर बाजाराच्या दिवशी लोक भिंत पाहायचे, खालचं नाव वाचायचे आणि हसायचे. वर्षभरात त्याला गावात कुणी बोलवेना. तो दौंडकडे दुसऱ्यांच्या हाताखाली कामाला जाऊ लागला. माझी पत्नी एवढंच म्हणाली, "खोटं बोलले म्हणून पोरांना छड्या मारल्यात ना तुम्ही?" मी वर्तमानपत्र उघडलं. नऊ वर्षं ते उघडंच होतं म्हणा ना.

गेल्या महिन्यात मी त्याला निरोप धाडला. तो येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. केस पिकले होते. भिंतीवर तळहात टेकवला, वर पाहिलं.

"गुरुजी, आजून वलीच हाय की."

नऊ वर्षांत मी टाकी दुरुस्त केली नव्हती. टाकी दुरुस्त करायची म्हणजे ती झिरपत होती, हे कबूल करणं आलं.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "तू सांगितलं होतंस."

"मला म्हाईत हाय. मला सांगून काय उपेग? शंभर मानसांत बोललावता तुमी."

परवा टाकी दुरुस्त झाली. त्याने जुना रंग खरवडून काढला, त्यात त्याचं नावही गेलं. आता पंधरा दिवस भिंत वाळायची आहे. त्याने लाल रंगाचा डबा उघडला आणि ब्रश माझ्या हातात दिला.

मी लिहिलं: भिंत ओली होती. पेंटरने सांगितले होते. मी ऐकले नाही. खाली माझं नाव घातलं.

तो रस्त्यापर्यंत मागे सरकला आणि डोळे बारीक करून वाचू लागला.

"गुरुजी, अक्षर झ्याक हाय, पन लई बारीक. मोठं काढा. बाजार शनिवारी हाय."

मी पुसलं आणि पुन्हा मोठं लिहायला घेतलं.