मरळींची रक्ततपासणी

पीएचडीच्या काळात आमच्या लॅबमध्ये किती स्लाइड्स साठल्या ते विचारू नका. किस्से त्याहून जास्त साठले! स्लाइडवर निदान लेबल तरी असतं.

काम तसं साधं. नाल्याच्या पाण्यात मरळ मासे ठेवायचे, काही दिवसांनी त्यांच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पेशीत मोठ्या केंद्रकाशेजारी एखादं पिल्लू केंद्रक दिसलं, की समजायचं, पाण्याने जनुकांना इजा केली. तुलनेसाठी दुसऱ्या टाकीत, स्वच्छ पाण्यात, दहा मरळी. ही 'कंट्रोल' टाकी. माझी अख्खी पीएचडी या दोन टाक्यांवर, आणि दुष्काळात शहराच्या नळांना पाणी आठवड्यातून एकदा!

*

मासे मी उस्मानपुऱ्याच्या मासळी बाजारातून रिक्षाने आणायचे. एकदा रिक्षावाल्या चाचांनी पिशवी बघून विचारलं, "पकाने के लिए?"

"नाही चाचा, ब्लड टेस्ट करायचीय यांची."

चाचा काळजीने मागे वळून, "खाली पेट लाए ना?"

*

वाळूजच्या कारखान्यांजवळच्या नाल्यावर मी कॅन भरत होते. टँकरवरून हंडा भरून परतणारी एक मावशी थबकली.

"पोरी, हे पानी पिनार व्हय तू?"

मी 'सॅम्पल', 'टेस्टिंग' असं काहीबाही सांगेपर्यंत तिने माझा कॅन पालथा केला आणि आपल्या हंड्यातलं पाणी त्यात ओतलं! "लई हाल हायेत, पन म्हनून असं नाय करायचं, बाई."

मला रडूच आलं. नको म्हणायची हिंमत झाली नाही. तो कॅन तसाच लॅबमध्ये नेला. माझे गाईड सर म्हणाले, "वा, नाला एकदम सुधारला की!"

*

कंट्रोल टाकीचं पाणी रोज बोटभर उतरायचं. पाळत ठेवली, तर आमचे अटेंडंट बबनमामा टाकीतून चहाचं पातेलं भरताना सापडले. महिनाभर सगळा विभाग त्या चहाची तारीफ करत होता!

"मामा, अहो मासे आहेत त्यात!"

"म्हनून तर घेतो, मॅडम. मासे जित्ते हायेत म्हंजे पानी चांगलं. नळाच्या पान्याचं काय खरं हाय?"

तीन वर्षं आम्ही याच मुद्द्यावर प्रबंध लिहीत होतो!

*

शेवटी निकाल आला. नाल्यातल्या मरळींपेक्षा कंट्रोलच्या मरळींमध्येच पिल्लू केंद्रकं जास्त! सबमिशन तोंडावर.

सर भडकले, "लेबलं उलटी लावलीस तू!"

मी सगळ्या स्लाइड्स पुन्हा मोजल्या. तेच. तिसऱ्यांदा सर स्वतः बसले. तेच.

"कंट्रोलचं पाणी कुठून आणत होतीस?"

"सर, तुमच्याच घरून. बोअरचं. तुम्हीच म्हणालात ना, आम्ही वीस वर्षं हेच पितो, याच्याइतकं स्वच्छ पाणी शहरात शोधून सापडायचं नाही."

सरांनी एक लाकडी काडी घेतली, आ करून तिने गालाच्या आतल्या पेशी खरवडल्या, काचेवर फासल्या आणि काच माझ्यापुढे सरकवली.

"लेबल नीट लाव," सर म्हणाले. "कंट्रोल, नमुना अकरावा."